शिंकेचा छडा



 व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषयाची मोकळीक दिली, आणि मी नाक निवडलं. नाकाच्या ॲलर्जीनं माणूस दगावत नाही, म्हणून तिची कोणी नीट चौकशी करत नाही. आणि चौकशी होत नाही म्हणून ती वीस-वीस वर्षं माणसाच्या मानगुटीवर बसून राहते. माझ्यासारख्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे येणारा रुग्ण ‘मला कायमची सर्दी आहे’ असं म्हणतो. कधीपासून, असं विचारलं की ‘लहानपणापासूनच’. मधल्या काळात औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन झालेल्या असतात, दही-केळी-पेरू बंद करून झालेले असतात, घरात कोणीतरी ‘तुझं नाकाचं हाड वाढलंय’ असं निदानही करून टाकलेलं असतं. पण शिंका कधी येतात, कुठे येतात, कुठे गेल्यावर थांबतात, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या आजारात गोळीच्या आधी छडा लावायचा असतो, आणि त्यातलं निम्मं काम रुग्णालाच करता येतं. हा आजार जगाला समजला तोच मुळी शिंकणाऱ्या माणसांनी स्वतःवर लक्ष ठेवल्यामुळे.

१८१९ साली लंडनच्या वैद्यकीय सभेत जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरनं एका रुग्णाची हकिकत वाचली. दर वर्षी जूनच्या मध्यावर या रुग्णाचे डोळे लाल होऊन खाजतात, शिंकांची सरबत्ती सुरू होते, छाती आवळल्यासारखी वाटते आणि काही आठवड्यांनी सगळं आपोआप थांबतं. वयाच्या आठव्या वर्षापासून हे चाललेलं. तो रुग्ण म्हणजे स्वतः बोस्टॉक. त्यानंतर तो आपल्यासारखे आणखी लोक शोधत राहिला आणि १८२८ साली त्यानं २८ जणांची माहिती प्रसिद्ध केली. रॅम्सगेटजवळच्या समुद्रकड्यावर राहायला गेल्यावर आपल्याला आराम पडतो हेही त्यानं टिपून ठेवलं होतं. कारण मात्र त्याच्या हाती लागलं नाही. उन्हाळ्याच्या उष्म्यानंच हे होतं, असं तो मानत राहिला.

कारण सापडलं मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीला. त्यालाही हाच त्रास होता. त्यानं वेगवेगळ्या गवतांचे परागकण गोळा करून ठेवले, हंगाम नसताना ते आपल्या नाकात घातले, डोळ्याला लावले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर चोळले आणि उठलेली गांध मोजली. चिकट द्रव लावलेल्या काचा माळावर ठेवून रोज हवेतले किती कण बसतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजले आणि ते आकडे स्वतःच्या त्रासाच्या नोंदींशेजारी मांडले. पतंगाला काचा बांधून वर सोडल्या, तेव्हा शेकडो फुटांवरच्या हवेतही पराग सापडले. १८७३ साली त्याचं पुस्तक आलं. आज आम्ही हातावर जी ॲलर्जीची चाचणी करतो तिची सुरुवात त्या ओरखड्यातून झाली.

नेमक्या त्याच वर्षी, १८७३ मध्ये, आपल्याकडे कलकत्त्यात डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या लष्करी डॉक्टरनं हवेच्या सूक्ष्म परीक्षणावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तुरुंगांच्या आवारातल्या हवेत काय काय तरंगतं हे त्यानं काचेवर धरलं. त्याला पाहायचा होता या कणांचा पटकी आणि तापाशी असलेला संबंध, आणि तो काही सापडला नाही. पण बुरशीच्या बीजाणूंची आणि परागांची जी चित्रं त्यानं काढून ठेवली, ती भारतातल्या हवेचा अभ्यास करणाऱ्यांना आजही मार्गदर्शक आहेत. हवेतल्या कणांच्या अभ्यासाचा हा धागा पुढे महाराष्ट्रात औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठातल्या डॉ. एस. टी. टिळक यांनी उचलला. हवेतले कण सलग आठ दिवस पट्टीवर धरणारं यंत्र त्यांनी १९७०च्या सुमारास तयार केलं. ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावानंच ते ओळखलं जातं. वैद्यकीच्या पुस्तकांत या कामाचा उल्लेख फारसा येत नाही, म्हणून आज इथे मुद्दाम केला.

आता नाकाकडे वळू. आपण दिवसाला सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. ती छातीत जाण्याआधी कोमट करायची, ओलसर करायची आणि गाळायची, ही कामं नाक करतं. आतल्या बाजूला दोन्हीकडे मऊ अस्तराचे उंचवटे असतात, आम्ही त्यांना टर्बिनेट म्हणतो. त्यांच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि खालचे सूक्ष्म केस तो थर मिनिटाला साधारण ५-६ मिलिमीटर वेगानं घशाकडे सरकवत असतात. धूळ त्यात अडकते आणि आपल्या नकळत गिळली जाते. घरी ज्याला ‘हाड वाढलं’ म्हणतात, ते बहुतेक वेळा सुजलेलं टर्बिनेट असतं. त्यातलं हाड जिथल्या तिथे असतं, सूज अस्तराला असते, आणि ती औषधानं उतरू शकते. हे माहीत नसल्यामुळे काही जण विनाकारण शस्त्रक्रियेच्या धास्तीत राहतात.

नाकाला त्रास देणाऱ्या गोष्टी दोन तऱ्हांच्या असतात, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

सुक्या मिरच्यांची फोडणी तेलात जरा जास्त तडतडली की घरातले सगळे शिंकतात, खोकतात. आजी, नातू, आलेले पाहुणे, कोणीही सुटत नाही. ही ॲलर्जी नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन नाकातल्या मज्जातंतूंच्या टोकांना सरळ चेतवतं. त्या टोकांवरचा कॅप्सेसिनचा ग्राही (रिसेप्टर) शास्त्रज्ञ डेव्हिड जूलियस यांच्या प्रयोगशाळेत १९९७ साली ओळखला गेला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. उदबत्तीचा धूर, फटाके, रंगाचा वास, फिनेल, डिझेलचा धूर, झणझणीत रस्सा खाताना गळणारं नाक, एसीतून उन्हात आल्यावर भरून येणारं नाक, ही सगळी या जातीची उदाहरणं. इथे प्रश्न मात्रेचा असतो. मात्रा वाढली की कोणालाही त्रास होतो. काहींच्या नाकातले मज्जातंतू हळवे असतात, म्हणून त्यांना कमी मात्रेतही होतो.

ॲलर्जीचं तसं नाही. गवताच्या परागानं दहा जणांना काहीच होत नाही आणि अकरावा बेजार होतो. कारण त्याच्या शरीरानं त्या परागातल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात. ती प्रतिपिंडं शोधली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं, अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये, १९६६ साली. आणि चाचण्यांसाठी त्यांनीही स्वतःचीच कातडी वापरली. पाठोपाठ स्वीडनमध्ये बेनिच आणि योहान्सन हे वेगळ्या वाटेनं त्याच प्रथिनापाशी पोचले. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचं नाव पक्कं केलं.

ही प्रतिपिंडं नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींना चिकटून बसतात. तोच पराग पुन्हा आला की काही मिनिटांत त्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडतं. मग खाज, लागोपाठ शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक. इतकं सगळ्यांच्या अनुभवाचं असतं. मला भर द्यायचा आहे तो पुढच्या टप्प्यावर. चार ते आठ तासांनी दुसऱ्या पेशी, मुख्यतः इओसिनोफिल, तिथे गोळा होतात आणि अस्तर सुजतं. सकाळी अंगण झाडलं आणि नाक संध्याकाळी चोंदलं, असं होतं ते यामुळे. आणि दोष जातो संध्याकाळी प्यायलेल्या ताकाला. शिवाय रोज पराग नाकात जात राहिले की अस्तर इतकं चिथावलेलं राहतं, की हंगामाच्या शेवटी अगदी थोडा परागही पुरतो, आणि एरवी सोसणारा उदबत्तीचा धूरही सोसत नाही. चुलीत निखारे फुललेले असले की काडी टाकली तरी पेटते, तसं. म्हणून एकाच माणसाला ॲलर्जी आणि धुराची जळजळ दोन्ही असू शकतात, आणि मूळ ॲलर्जी आटोक्यात आली की धुराचाही त्रास कमी होतो.

मग आपल्या हवेत दोषी कोण? पुण्या-मुंबईत ऑक्टोबरमध्ये सप्तपर्णी फुलते. संध्याकाळी तिचा उग्र वास गल्लीभर पसरतो, लोकांचं डोकं दुखतं, शिंका येतात आणि झाड तोडा म्हणून अर्ज जातात. वास काहींना खरोखरच सहन होत नाही, ते मी नाकारत नाही. पण सुगंध सोडणारी फुलं सहसा किड्या-पतंगांना बोलावण्यासाठी सोडतात. त्यांचा पराग चिकट असतो, तो वाऱ्यावर फार दूर जात नाही. पराग वाऱ्यावर उधळणारी झाडं दिसायला साधी असतात. माणसाचा संशय मात्र नेहमी डोळ्यांत भरणाऱ्या फुलावर जातो. अमेरिकेतही रॅगवीड नावाच्या तणाचा दोष पिवळ्याधमक गोल्डनरॉडवर येत राहिला. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात गवतं निसवतात आणि दसरा-दिवाळीपर्यंत त्यांचे पराग हवेत असतात. त्याच सुमाराला ओल धरलेल्या भिंतींवरच्या आणि कुजणाऱ्या पाल्यावरच्या बुरशीचे बीजाणू वाढलेले असतात. खळ्यावर मळणी सुरू झाली की ते आणखी उडतात. या गर्दीत सप्तपर्णी फुलते आणि सगळा आळ तिच्यावर येतो. थंडी संपता संपता, माघ-फाल्गुनात, निष्पर्ण वावळ फुलते तेव्हा तिच्याकडे मान वर करूनही कोणी बघत नाही, आणि तिचा पराग भारतातल्या महत्त्वाच्या ॲलर्जीकारक परागांपैकी एक आहे.

आणि गाजरगवत. त्याच्याबद्दल पुणे परिसरातल्या श्रोत्यांपुढे बोलणं भाग आहे, कारण भारतातली त्याची पहिली ठळक नोंद पुण्यातली आहे. १९५६ साली रोला राव यांनी ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर हे तण आलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. एका झाडाला हजारो बिया येतात, ओल असेल तिथे ते बारमाही फुलतं. त्याच्या स्पर्शानं कातडीला होणारा चिवट इसब आपल्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी फार भोगला आहे. नाकाच्या ॲलर्जीशी त्याच्या परागाचा संबंध बंगळूरच्या संशोधकांनी दाखवून दिला. ते खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ पासून भारतात सोडला जातो आहे, जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकारानं १६ ते २२ ऑगस्ट हा जागृती आठवडाही पाळला जातो. तरी रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत उभंच आहे. ते फुलावर येण्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, हातमोजे आणि मास्क घालून मुळासकट उपटायचं असतं. फुलल्यावर कापणं म्हणजे पराग उडवणं.

घाटाखाली चित्र बदलतं. मुंबई-कोकणात, गोव्यात वर्षातले कितीतरी महिने हवा दमट असते, आणि तिथला मोठा दोषी घराच्या आत असतो. हॉलंडमधल्या लायडनच्या व्होर्होर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६४ साली दाखवून दिलं, की घरच्या धुळीतली ॲलर्जी मुख्यतः माइट नावाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यामुळे होते. हा किडा चावत नाही. माणसाच्या अंगावरून गळणारे त्वचेचे कण खाऊन तो गादीत, उशीत, जुन्या गोधडीत राहतो. पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून जगतो. आपल्या नाकात जाते ती त्याची विष्ठा. सकाळी उठल्या उठल्या ज्याला शिंका येतात आणि दुपारी ऑफिसात बरं वाटतं, त्यानं पहिल्यांदा आपल्या गादीवर संशय घ्यावा. चादरी आणि अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुवावेत, गादी-उशीला घट्ट विणीचं आवरण घालावं, केर ओल्या फडक्यानं काढावा. गादी कडक उन्हात टाकण्याची आपल्या आज्यांची पद्धत अतिशय योग्य होती. फ्लॅटमध्ये गच्ची बंद झाल्यावर ती गेली, याचं मला वाईट वाटतं.

छडा लावायचा तो असा. एक वही घ्या. शिंका आणि चोंदणं कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत. गावी गेल्यावर काय होतं, बोहारणीला द्यायचे कपडे बाहेर काढल्यावर काय होतं, डोळे खाजतात का, दोन्ही नाकपुड्यांना त्रास आहे की एकाच. ही वही डॉक्टरच्या पुढ्यात ठेवा. तिच्या आधारे मग कातडीवरची चाचणी करायची. अर्काचा थेंब, बारीक टोचणी, पंधरा मिनिटांत गांध. तिच्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, तेही डॉक्टरला विचारून. उलटं मात्र करू नका. आधी रक्त देऊन शंभर-दोनशे पदार्थांचा अहवाल आणायचा आणि त्यात लाल शाईत आलेलं सगळं खाणं सोडायचं, हे मला अजिबात मान्य नाही. चाचणीत खूण उठली पण प्रत्यक्षात त्रास नाही, तर तो आजार नव्हे. आणि मोठ्या माणसांत नुसत्या नाकाच्या ॲलर्जीचं कारण अन्न असणं फार विरळा.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. एकाच बाजूचं नाक सतत चोंदणं, त्यातून रक्त येणं, लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येणं, ही ॲलर्जीची लक्षणं नव्हेत. मुलांनी नाकात मणी, शेंगदाणा घातलेला असतो. मोठ्यांत याहून गंभीर कारण असू शकतं. तिथे वही लिहीत बसू नये, लगेच दाखवावं.

औषधांबद्दल थोडक्यात. नाक चटकन मोकळं करणारे थेंब पाच-सात दिवसांपलीकडे वापरले तर त्यांनीच नाक चोंदायला लागतं, मग थेंबांशिवाय झोप येत नाही. हे चक्र मोडायला आम्हाला फार कष्ट पडतात. जुन्या गोळ्यांनी झोप येते, गाडी चालवणाऱ्यानं त्या घेऊ नयेत. नव्या गोळ्या शिंका-खाज थांबवतात, पण चोंदलेल्या नाकावर त्यांचा जोर कमी. त्यांच्या जोडीला माँटेलुकास्ट आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण काही जणांत मनःस्थिती आणि झोप बिघडते, आत्महत्येचे विचार येतात. आणि नाकाच्या ॲलर्जीत ते इतर उपाय थकल्यावरच द्यावं, असं सांगितलं. आपलं मूल ही गोळी घेत असेल आणि चिडचिडं झालं असेल, रात्री दचकून उठत असेल, तर डॉक्टरला जरूर सांगा.

सततच्या त्रासावर पहिलं औषध आहे नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा. या शब्दानं लोक घाबरतात आणि चार दिवसांत बाटली कपाटात जाते. यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, नव्या फवाऱ्यांतलं औषध रक्तात जवळजवळ जात नाही. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, तेवढा धीर धरायचा. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, तोंड कानाच्या दिशेला, मधल्या पडद्याकडे कधीच नाही, आणि जोरात ओढायचं नाही. फवाऱ्यानं रक्त येतं अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण तो पडद्यावर मारत असतात. जलनेतीनं नाक धुवायला माझी हरकत नाही, उलट ती करावी. फक्त पाणी उकळून गार केलेलं आणि मिठाचं असावं, थेट नळाचं नसावं. लहान मुलांना वाफारा देऊ नये, भाजण्याचा धोका त्याच्या गुणापेक्षा मोठा आहे.

एवढ्यानं भागलं नाही तर, आणि दोषी नक्की सापडला असेल तर, इम्युनोथेरपी आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यानं १९११ साली गवताच्या परागाचा अर्क चढत्या मात्रेनं टोचायला सुरुवात केली. परागात विष असतं आणि आपण त्याची लस देतो आहोत, असं तो समजत होता. ती समजूत टिकली नाही, उपचार टिकला. नून क्षयानं १९१३ मध्येच गेला आणि काम जॉन फ्रीमननं पुढे नेलं. आज ते टोचून किंवा जिभेखाली देतात. साधारण तीन वर्षं लागतात, अर्क प्रमाणित हवा, आणि टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावं लागतं, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते. शोध न घेता दिलेली इम्युनोथेरपी म्हणजे पैसे पाण्यात.

शेवटी आईवडिलांना आणि शिक्षकांना विनंती. वर्गात तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं, तळहातानं नाक वर घासणारं, डोळ्यांखाली काळी छटा असलेलं मूल आळशी नसतं. रात्रभर नाक बंद असल्यानं त्याची झोप झालेली नसते. नाक आणि छाती ही एकच वाट आहे. दमा असलेल्या बहुतेकांना नाकाचा त्रास असतो आणि नाकाची ॲलर्जी असलेल्यांत दमा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. अशा मुलाला रात्री खोकला येत असेल, खेळताना धाप लागत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर सर्दी म्हणून सोडून देऊ नका. या महिन्यातच त्याला डॉक्टरकडे न्या, आणि नाकाबरोबर छातीही तपासायला सांगा.